फिओना शॉ आणि इलेक्ट्राचा अस्थिकलश



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, या फिओना शॉ कोण?" मी सांगितलं, हॅरी पॉटरची पेट्युनिया मावशी. लगेच ओळख पटली. लांब मान, आवळलेले ओठ आणि शेजाऱ्यांना काय वाटेल याची कायमची धास्ती. जगातल्या बहुतेकांना या बाई माहीत आहेत त्या एवढ्याच. पण लंडनच्या किंवा डब्लिनच्या नाटकवाल्या माणसाला विचारलंत, तर तो पेट्युनियाचं नाव घेणारच नाही. तो इलेक्ट्रा म्हणेल, मेडिआ म्हणेल, बेकेटची विनी म्हणेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. यातलं एकही नाटक मी प्रेक्षागृहात बसून पाहिलेलं नाही. काहींची चित्रीकरणं पाहिली, परीक्षणं वाचली, बाईंच्या मुलाखती ऐकल्या. मग बोलण्याचा अधिकार काय, असं कुणी विचारील. सॉक्रेटिसला मी ऐकलेलं नाही, तरी पस्तीस वर्षं वर्गात त्याच्याविषयी बोललो! नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. त्यानंतर उरतं ते पाहणाऱ्यांचं बोलणं. त्या बोलण्यातूनच आपल्याला मागे जावं लागतं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने नटीवर का बोलावं? तर दोन कारणं. एक म्हणजे या बाई आमच्याच गोत्रातल्या. फिओना शॉ यांचा जन्म १९५८ सालचा, आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क परगण्यातला. मूळचं आडनाव विल्सन. वडील डोळ्यांचे शल्यचिकित्सक, आई पदार्थविज्ञान शिकलेली. कॉर्कच्या विद्यापीठात त्यांनी पदवी घेतली ती तत्त्वज्ञानाची. मग लंडनला जाऊन 'राडा' या प्रख्यात नाट्यशाळेत शिकल्या आणि १९८२ साली तिथून बाहेर पडल्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अभिनयाविषयी तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे, आणि या बाईंच्या कारकिर्दीत तो पुन्हा पुन्हा समोर येतो. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरोने नटाविषयी एक संवाद लिहिला. तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली. दिदरो म्हणतो, थोर नट स्वतः काहीच भोगत नाही. तो डोकं थंड ठेवतो, म्हणून तर रोज रात्री तेवढंच चांगलं रडू शकतो. खरंखुरं रडणारा नट एके दिवशी उत्तम आणि दुसऱ्या दिवशी सामान्य असतो.

याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट आहे. ती दुसऱ्या शतकातल्या रोमन लेखकाने, ऑलस गेलियसने, सांगून ठेवलेली आहे. पोलस नावाचा एक ग्रीक नट होता. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. पोलसचा मुलगा वारला. दुःखाचा काळ सरल्यावर तो पुन्हा रंगमंचावर आला तो सोफोक्लीसच्या इलेक्ट्राच्या भूमिकेत. त्या नाटकात इलेक्ट्राच्या हाती भावाच्या अस्थींचा कलश येतो आणि ती तो उराशी धरून विलाप करते. पोलसने काय केलं? आपल्या मुलाचा खरा अस्थिकलश थडग्यातून आणला, आणि तो हातात घेऊन तो प्रवेश केला. गेलियस म्हणतो, त्या दिवशी अथेन्समध्ये लोकांनी दुःखाची नक्कल पाहिली नाही. दुःखच पाहिलं.

आता नाटकातली गंमत लक्षात घ्या. गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. नाटकातला तो कलश रिकामा आहे. भाऊ ओरेस्टीस जिवंत आहे. तोच वेष पालटून, स्वतःच्या मरणाची खोटी बातमी घेऊन आलेला आहे. प्रेक्षकांना हे ठाऊक आहे, इलेक्ट्राला नाही. म्हणजे कलश खोटा आणि रडणं खरं. नाटक नावाची गोष्टच अशी असते, असं मला वाटतं. पोलसने त्या रिकाम्या कलशात खरी राख आणली. ते योग्य झालं का? दिदरो म्हणेल, ही फसवणूक. मीही बराच काळ तसंच म्हणत असे.

आता फिओना शॉ यांच्याकडे वळू. १९८३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये शेरिडनच्या 'द रायव्हल्स'मधून त्यांची सुरुवात झाली. मग रॉयल शेक्सपियर कंपनी. तिथे 'अॅज यू लाइक इट'मधली सीलिया केली, १९८७ साली जोनाथन मिलर यांनी बसवलेल्या 'टेमिंग ऑफ द श्रू'मधली केट केली. हुशार, तरतरीत, विनोदाची उत्तम जाण असलेली नटी असा लौकिक झाला. शोकांतिकेची नटी म्हणून मात्र तोवर कुणी त्यांच्याकडे पाहिलेलं नव्हतं.

१९८८ साली डेबोरा वॉर्नर या तरुण दिग्दर्शिकेने त्यांना इलेक्ट्राची भूमिका दिली. या दोघींची जोडी पुढे पाव शतकाहून जास्त टिकली. बार्बिकन केंद्राच्या तळाशी 'द पिट' नावाचं छोटं नाट्यगृह आहे, तिथे हा प्रयोग झाला. प्रेक्षक अगदी जवळ. शॉ यांची इलेक्ट्रा भव्य वगैरे नव्हती. कृश, केस कापलेली, काळ्या कपड्यातली. वर्षानुवर्षं शोक करून करून ज्या माणसाला आता शोकाशिवाय दुसरं कामच उरलेलं नाही, अशी.

त्या आधी काही वर्षांपूर्वी बाईंच्या घरी एक आघात झालेला होता. त्यांचा धाकटा भाऊ वयाच्या अठराव्या वर्षी मोटार अपघातात गेला. त्या याविषयी मुलाखतींतून बोललेल्या आहेत, म्हणून मी इथे बोलतो आहे, एरवी बोललो नसतो. भाऊ गेलेली बहीण रंगमंचावर भावाचा कलश हातात घेऊन उभी. पोलसचीच गोष्ट पुन्हा, नाही का?

नाही. माझ्या मते फरक आहे, आणि मोठा आहे. पोलसने खरी राख आणली ती एका दिवसासाठी. शॉ यांनी ही भूमिका महिनोन्‌महिने केली, मग काही वर्षांनी पुन्हा केली. रोज रात्री स्वतःची जखम उघडी करून कोणीही एवढं टिकत नाही. आणि नुसत्या थंड डोक्याने केलेलं काम असतं तर लोक अजून त्याविषयी बोलत राहिले नसते. मग काय आहे हे? इथे मला आपला भरतमुनी मदतीला येतो. नाट्यशास्त्रात सात्त्विक अभिनयाविषयी तो म्हणतो की सत्त्व हे मनातून उपजतं, आणि मन एकाग्र झाल्याशिवाय अश्रू, रोमांच हे खरे येत नाहीत. बघा, भरत असं म्हणत नाही की नटाला दुःख व्हायला हवं. तो म्हणतो, मन समाहित हवं. दिदरोचं थंड डोकं आणि पोलसची खरी राख या दोन्हींपेक्षा हे तिसरं उत्तर मला जास्त पटतं. दुःख म्हणजे काय हे जिला माहीत आहे, तिने त्या माहितीवर पूर्ण लक्ष लावणं.

शॉ यांचं काम चित्रीकरणात पाहताना मला सतत जाणवतं ते हेच. त्या पात्राची भावना दाखवत नाहीत, पात्र विचार कसा करतं ते दाखवतात. वाक्य तोंडातून निघताना त्या पात्राला ते पहिल्यांदाच सुचतंय असं वाटतं. शोकसुद्धा त्यांच्याकडे युक्तिवादासारखा येतो. एक मुद्दा, मग त्याच्यावर दुसरा, आणि शेवटी ज्याच्यावर उत्तरच नाही असा तिसरा.

आता डेरीची हकीकत. मला या व्याख्यानात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

१९९२ साली इलेक्ट्राचा दौरा निघाला आणि तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात गेला. नाट्यगृह नव्हे, एका क्रीडासंकुलाच्या सभागृहात प्रयोग. ते दिवस कसले होते? कॅथलिक-प्रोटेस्टंट, आयरिश राष्ट्रवादी आणि ब्रिटिशनिष्ठ यांच्यातला हिंसाचार वीस वर्षांहून जास्त काळ चाललेला होता. त्या वर्षाची सुरुवात तर फार वाईट झाली. जानेवारीत टीबेनला कामगारांच्या गाडीवर बॉम्बहल्ला होऊन आठ माणसं गेली. फेब्रुवारीच्या ५ तारखेला बेलफास्टमध्ये पैजा लावण्याच्या दुकानात शिरून पाच जणांना गोळ्या घातल्या. याचा बदला त्याने घ्यायचा, त्याचा याने. अशा वातावरणात, माणसं मारली जात असताना, या लोकांसमोर कोणतं नाटक? तर बापाच्या खुनाचा बदला म्हणून आईला मारण्याचं.

सोफोक्लीसच्या आधी एस्किलसने हीच कथा सांगितली होती. त्याच्याकडे शेवटी न्यायालय बसतं, मतदान होतं, सूडाची साखळी तुटते. सोफोक्लीसकडे असलं काही नाही. आईचा खून होतो, सावत्र बापाला आत नेतात, आणि नाटक संपतं. पुढे काय, हे कुणीच सांगत नाही.

डेरीत प्रयोग संपला आणि टाळ्या वाजल्या नाहीत. लोक जागेवरून उठेनात. नुसते बसून राहिले. नटमंडळींना कळेना काय झालं ते. मग लोकांना बोलायचं आहे असं लक्षात आलं, आणि बोलणं झालं. या पाहिलेल्या गोष्टीविषयी आणि स्वतःच्या घरांविषयी. शॉ यांनी नंतर अनेकदा या संध्याकाळीविषयी सांगितलेलं आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेतून होणाऱ्या भावनांच्या विरेचनाची, कॅथार्सिसची, गोष्ट केली. त्या एका शब्दावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. मीही एक प्रबंधिका लिहिली होती, ती कुणी वाचू नये. पण त्या शब्दाचा अर्थ काय असं मला आज विद्यार्थ्याने विचारलं, तर मी ॲरिस्टॉटल बाजूला ठेवून त्याला डेरीच्या त्या सभागृहाविषयी सांगीन. तिथे कुणाचंही मन हलकं झालं नाही. उलट जड झालं, आणि ते जडपण एकट्याने घरी नेण्यापेक्षा चार माणसांत बसून बोलावंसं वाटलं.

मधल्या कामांवर फार थांबत नाही. इब्सेनची हेडा गाब्लर डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये १९९१ साली केली. 'मशिनल' हे सोफी ट्रेडवेलचं अमेरिकन नाटक १९९३ साली नॅशनलमध्ये. १९९० आणि १९९४ अशी दोनदा ऑलिव्हिए पारितोषिकं मिळाली. २००१ साली ब्रिटनने सीबीई हा सन्मान दिला तो 'मानद', कारण बाई आयरिश नागरिक.

१९९५ साली मात्र एक धाडस झालं, आणि त्यावर बरीच टीका झाली. शेक्सपियरच्या 'रिचर्ड दुसरा'मध्ये राजाची भूमिका शॉ यांनी केली. स्त्रीने राजा करावा का, यावर वर्तमानपत्रांतून चर्चा. मला हा वाद थोडा पोरकट वाटतो. त्या नाटकाचा विषयच मुळी हा आहे की राजा म्हणजे कोण? मुकुटाखालचं शरीर, की मुकुट? ट्यूडर काळातले कायदेपंडित म्हणत, राजाला दोन देह असतात: एक मर्त्य, एक राज्याचा, कधीही न मरणारा. सिंहासन सोडावं लागतं तेव्हा रिचर्डला प्रश्न पडतो की आता मी कोण उरलो. स्त्रीच्या देहात तो राजा पाहताना तो प्रश्न पहिल्या प्रवेशापासूनच प्रेक्षकाला पडतो. या प्रयोगाचं बीबीसीसाठी चित्रीकरण झालेलं आहे. जमलं तर पाहा.

बेकेटच्या वारसांशी झालेला वाद याहून गंभीर. सॅम्युएल बेकेटचं 'फुटफॉल्स' हे छोटंसं नाटक आहे. मे नावाची एक बाई अंधारात एका अरुंद पट्टीवर येरझाऱ्या घालते. नऊ पावलं इकडे, वळायचं, नऊ पावलं तिकडे. आईचा आवाज नुसता ऐकू येतो. पावलं किती, वळायचं कुठे, प्रकाश किती, सगळं बेकेटने लिहून ठेवलेलं. १९९४ साली लंडनच्या गॅरिक थिएटरमध्ये वॉर्नर आणि शॉ यांनी मेला त्या पट्टीवरून बाहेर काढलं, प्रेक्षागृहातल्या सज्जापर्यंत नेलं. आईची काही वाक्यंही मेकडे दिली. बेकेट १९८९ मध्येच वारलेले. त्यांच्या वारसांनी आक्षेप घेतला आणि युरोपातल्या पुढच्या प्रयोगांना परवानगी नाकारली.

कोण बरोबर? तरुण होतो तेव्हा मी ताबडतोब म्हटलं असतं, कलावंत. आता तसं म्हणवत नाही. बेकेटच्या नाटकात नऊ पावलं ही सूचना नाही, तेच नाटक आहे. ती पट्टी सोडली तर मेचा तुरुंगच राहत नाही. आणि तरीही, ज्या कलाकृतीत कुणाला काही बदलता येत नाही ती रंगभूमीवर जिवंत कशी राहणार, हा प्रश्न उरतोच. मी या दोन्हींच्या मधे अडकलेला आहे, असं समजा.

पण पुढची गोष्ट ऐका. २००७ साली याच दोघींनी नॅशनल थिएटरमध्ये बेकेटचंच 'हॅपी डेज' केलं, रीतसर परवानगीने. त्यातली विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत गाडलेली असते आणि दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. म्हणजे पट्टी सोडून चालली म्हणून जिला थांबवलं, ती परत आली ती अजिबात हलता न येणाऱ्या बाईच्या भूमिकेत! आणि त्यात शॉ यांनी लोकांना हसवलं. विनी पिशवीतून दात घासायचा ब्रश काढते, आरसा काढते, किती छान दिवस आहे म्हणते. गृहिणीची रोजची नीटनेटकी लगबग. माती वर चढतेच आहे.

विनोद आणि शोकांतिका यांच्यात त्या भिंत मानत नाहीत. मेडिआमध्ये हे सर्वांत जास्त दिसलं. २००० साली डब्लिनच्या ॲबीमध्ये ते झालं, मग लंडन, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. युरिपिडीसची मेडिआ नवऱ्याने टाकलेली, आणि सूड म्हणून आपल्याच मुलांना मारणारी. बहुतेक नट्या तिला चेटकीण करतात किंवा देवी. शॉ यांनी तिला शेजारच्या घरातली बाई केलं. अर्धवट बांधलेलं आधुनिक घर, काचेचे दरवाजे, मधोमध पाण्याचा उथळ तलाव, आसपास मुलांची खेळणी. तिचं बोलणं तिरकस, झोंबरं, आणि लोक खरोखर हसत. हसता हसता कधी भीती वाटायला लागते ते कळत नाही. मूळ नाटकात शेवटी ती सूर्यदेवाच्या रथातून निघून जाते. इथे रथ नाही. सगळं झाल्यावर ती त्या तलावात बसून नवऱ्याच्या अंगावर बोटांनी पाणी उडवत राहते. कुठेही जाणार नाही. दोघांना आता त्याच घरात राहायचं आहे. रथापेक्षा हे भयंकर.

एलियटच्या 'द वेस्ट लँड' या कवितेचा एकपात्री प्रयोग त्यांनी १९९५ पासून केला, आणि मुद्दाम पडक्या, वापरात नसलेल्या जागा शोधून केला: न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरचं बंद पडलेलं लिबर्टी थिएटर, लंडनमधला विल्टन्स म्युझिक हॉल. सुमारे चाळीस मिनिटं, एकटी बाई, आणि कवितेतले सगळे आवाज तिच्याच गळ्यातून. उच्चभ्रू बाई, दारूच्या गुत्त्यातली बाई, अंध द्रष्टा. ही कविता अभ्यासकांनी तळटीपांखाली पुरून टाकलेली आहे. शॉ यांनी दाखवून दिलं की ती माणसांच्या बोलण्याची कविता आहे. कवितेच्या शेवटी एलियट बृहदारण्यक उपनिषदाकडे वळतो, मेघगर्जनेतून ऐकू आलेल्या उपदेशाकडे. आपण ती कथा शाळेत संस्कृतच्या तासाला ऐकलेली. कॉर्कच्या मुलीच्या तोंडून ती मोडक्या नाट्यगृहात ऐकायची, हे चित्र मला फार आवडतं.

२०१३ साली ब्रॉडवेवर 'द टेस्टामेंट ऑफ मेरी'. लेखक कोल्म टोबीन, आयरिशच. येशूची आई म्हातारपणी सांगते आहे. शिष्य तिच्याकडून त्यांना हवी तशी कथा वदवून घेऊ पाहतात आणि ती म्हणते, मी पाहिलं ते असं नव्हतं. प्रयोगाआधी प्रेक्षकांना रंगमंचावर फिरायला बोलावत. तिथे काचेच्या पेटीत मूर्तीसारखी बसलेली मेरी, आणि एक जिवंत गिधाड. बाहेर धार्मिक लोकांची निदर्शनं. उत्कृष्ट नाटकाच्या टोनी पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं, शॉ यांना स्वतःला मिळालं नाही, आणि उद्घाटनानंतर दोन आठवड्यांत नाटक बंद झालं. व्यावसायिक रंगभूमी अशी असते. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांनी ते पुन्हा केलं.

आता पडद्याकडे येऊ. 'माय लेफ्ट फूट' या १९८९ च्या चित्रपटात त्यांनी क्रिस्टी ब्राउनला बोलायला शिकवणारी डॉक्टर केली आहे. उपाहारगृहातला प्रवेश पाहा. आपल्या दयेचा त्याने प्रेम असा अर्थ घेतला, हे तिच्या लक्षात येतं तो क्षण. चेहऱ्यावर काही फार घडत नाही, पण विचार पूर्ण वाचता येतो.

पेट्युनिया मावशीचा एक प्रवेश मालिकेच्या सातव्या भागासाठी चित्रित झाला होता. रिकाम्या केलेल्या घरात ती शेवटची उभी आहे. भाच्याला ती जे सांगते त्याचा आशय असा की आई तुझी गेली, पण बहीण माझीही गेली होती. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा हा प्रवेश कापलेला होता. एवढी वर्षं जिने तोंड वाकडं केलं, ती शोक करत होती! ते आपल्याला कळायचं राहून गेलं. कापलेल्या प्रवेशांत तो पाहायला मिळतो.

'किलिंग ईव्ह'मधली गुप्तहेर खात्याची अधिकारी कॅरोलिन याच जातीची. त्या भूमिकेला २०१९ साली बाफ्टा मिळालं. तिचा मुलगा मारला जातो आणि ती रडत नाही, कामाला लागते. लोक तिला निर्दय समजतात.

आणि शेवटी 'अँडोर' ही २०२२ ची मालिका. 'स्टार वॉर्स'च्या जगातली, म्हणून माझ्या वयाच्या माणसांनी नाक मुरडू नये. त्यात शॉ यांनी मार्वा नावाची म्हातारी केली आहे, साम्राज्याने गिळलेल्या एका गावातली. ती मरते. तिथल्या रिवाजाप्रमाणे मृताच्या राखेची वीट करतात. अंत्ययात्रेत ती वीट घेऊन लोक निघतात, आणि मार्वाने मरण्याआधी ध्वनिचित्रित करून ठेवलेलं भाषण सुरू होतं. स्वतःच्या अंत्ययात्रेला मेलेली बाई स्वतः बोलते आहे, आम्ही झोपलो होतो असं सांगते आहे. जमाव खवळतो. तिचा एक जुना मित्र हातातली तिच्या राखेची ती वीट उचलतो आणि साम्राज्याच्या शिपायाच्या डोक्यात घालतो.

हे पाहिलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो आणि मग उठून चहा केला. चौतीस वर्षांपूर्वी 'द पिट'मध्ये या बाईंच्या हातात कलश होता.

वेळ होत आला. प्रश्न असतील तर घेऊ या.